‘घाट ओलांडताना वादळ विरले’ : एका विधानाची चिकित्सा

समुद्रात उठलेले एखादे लहानसे वादळ डोंगराळ प्रदेशावरून गेल्यास टिकते की नाही, हा प्रश्न हवामानशास्त्राचा होय, यात वाद नाही. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या हाती पडते ते मराठी वाक्यांच्या रूपाने, आणि त्या वाक्यांची चिकित्सा हे भाषेच्या अभ्यासकाचे काम ठरते. पश्चिम किनाऱ्यावर वादळ येऊन गेले की एक वाक्य ठरून गेल्यासारखे कानी येते : ‘घाट ओलांडताना वादळ विरले.’ त्याच्या जोडीला ‘सह्याद्रीने वादळ अडवले’ हेही येते. ही वाक्ये सर्वस्वी खोटी आहेत असे म्हणता येणार नाही. मात्र ती जेथे तपासून पाहावीत असे ठिकाण मुंबई नव्हे, अलिबागही नव्हे. ते ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके. (वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, येथे ज्या वर्षाची चर्चा मुख्यतः करावयाची आहे त्या वर्षीचे नाव कायम ठेवले आहे.) घाटमाथा या तालुक्यांच्या पश्चिम हद्दीवर आहे, आणि वादळ ‘विरते’ असे म्हणतात ते याच माथ्यावर.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस, जमिनीवर आले. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत ते त्या वेळी ‘तीव्र चक्रीवादळ’ होते आणि वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या वर होता. ईशान्येकडे सरकत ते घाट चढले. संध्याकाळपर्यंत ते नुसते ‘चक्रीवादळ’ झाले, रात्री ‘तीव्र अवदाब’ झाले, ४ जूनला ‘अवदाब’ झाले. पुढे कमी दाबाचे क्षेत्र म्हणून ते मध्य प्रदेशावरून उत्तर प्रदेशाकडे गेले. त्याचे केंद्र भोर-वेल्ह्याच्या उत्तरेकडून गेले होते. असे असूनही पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत घरांवरचे पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले; जिल्ह्यात माणसेही दगावली. कागदावर वादळ ज्या काळात ‘विरत’ होते त्याच काळात हे सारे घडले. वाक्य आणि वस्तुस्थिती यांत एवढे अंतर का पडावे?

पहिला दोष ‘ओलांडणे’ या क्रियापदात आहे. माणूस उंबरठा ओलांडतो, ओढा ओलांडतो, रस्ता ओलांडतो. या प्रत्येक प्रयोगात अलीकडची आणि पलीकडची अशा दोन बाजू गृहीत असतात, आणि त्या दोहोंची पातळी साधारणतः एकच असते. सह्याद्रीची रचना अशी नाही. कोकणातून पाहता तो हजार-बाराशे मीटरांचा सरळ कडा आहे. पण माथ्यावर पोचल्यावर पलीकडे तेवढाच उतार मिळत नाही. पलीकडे पठार आहे. भोर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे सह्याद्री ही भिंत नव्हे, पायरी आहे. लोकांच्या बोलण्यात ही गोष्ट केव्हाच नोंदली गेली आहे. महाडचा माणूस वरंधा घाटाने भोरला येतो तेव्हा तो ‘घाट चढून देशावर’ येतो. भोरचा माणूस महाडला जातो तेव्हा ‘कोकणात उतरतो’. ‘घाटावरचा’ हे विशेषण घाटात राहणाऱ्याला लागत नाही, घाट चढून गेल्यावर जो प्रदेश लागतो त्यातल्या माणसाला लागते. पश्चिमेकडून आलेल्या वादळालाही हेच क्रियापद लागू पडते. ते घाट चढते आणि वरच राहते. ‘ओलांडणे’ खऱ्या अर्थाने शोभते ते नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ या वादळाला. ते तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आले, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागावरून केरळात उतरले आणि अरबी समुद्रात पोचल्यावर काही काळ पुन्हा जोर धरून ‘तीव्र अवदाब’ झाले. तेथे दोन्ही बाजू होत्या, दोन्हीकडे सखल भूमी होती आणि पलीकडे समुद्रही होता.

‘अडवणे’ हे क्रियापद तर याहून फसवे आहे. वेल्ह्यातील तोरणा १४०३ मीटर उंच आहे. भोरकडील रायरेश्वराचे पठारही जवळजवळ तेवढेच. उलट उष्ण प्रदेशातील समुद्रावर तयार झालेल्या चक्रीवादळाचा भोवरा वर बारा ते पंधरा किलोमीटरांपर्यंत पोचलेला असतो. दहा हातांच्या माणसाला हातभर उंचीचा उंबरठा अडवतो असे कोणी म्हणत नाही. मात्र त्या माणसाचा पाय अडखळतो हे खरे, आणि येथे पायच महत्त्वाचा आहे. वादळाला बळ मिळते ते कोमट समुद्रावरून उठणाऱ्या बाष्पाचे. हे बाष्प भोवऱ्याच्या तळाशी, जमिनीलगतच्या किलोमीटरभर जाडीच्या थरातून, केंद्राकडे ओढले जाते. वर चढून थंड होताना त्याचे पाणी होते आणि त्यातून सुटलेल्या उष्णतेवर सगळे यंत्र चालते. जमिनीवर येताच हा पुरवठा तुटू लागतो आणि घर्षण वाढते. वारा केंद्राभोवती फिरण्याऐवजी केंद्राकडे वळू लागतो आणि तेथील कमी दाबाचा खळगा भरत जातो. डोंगर ही क्रिया झपाट्याने घडवून आणतो, कारण तळाचा थर त्यावर फाटतो. वरचा भोवरा मात्र तसाच पुढे जातो. तैवानसारख्या बेटावर, जेथे शिखरे चार हजार मीटरांच्या आसपास आहेत, डोंगराच्या एका बाजूला तळचे केंद्र मोडते आणि दुसऱ्या बाजूला, वरच्या भोवऱ्याच्या छायेत, नवे केंद्र तयार होते, असे अनेकदा दिसून आले आहे. अशा वेळी वादळाने डोंगर ओलांडला की एक वादळ मेले आणि दुसरे जन्मले, याचा निर्णय कोणी कसा करावा?

येथे ‘चक्रीवादळ’ या समासाकडेच वळणे भाग आहे. इंग्रजीतील ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात बनवला, आणि तो ग्रीकमधील वर्तुळवाचक शब्दावरून. त्यात वेटोळे आहे, वाऱ्याचा जोर नाही. शालेय भूगोलातील ‘आवर्त’ हा शब्दही तसाच : त्यात केवळ फिरणे आहे. मराठी जनतेने मात्र ‘आवर्त’ पाठ्यपुस्तकातच ठेवला आणि ‘चक्री’ या विशेषणाला ‘वादळ’ जोडले. ‘वादळ’ हा शब्द संस्कृत ‘वार्दल’ या पावसाळी हवा दाखवणाऱ्या शब्दाकडे नेला जातो. त्याच घराण्यातला हिंदी ‘बादल’ ढगाचा वाचक राहिला. मराठीत मात्र अर्थ सरकत सरकत वाऱ्यावर येऊन बसला. आज मराठी माणसाला ‘वादळ’ म्हटल्यावर आधी वारा आठवतो, पाऊस मागाहून. तेव्हा ‘चक्रीवादळ’ या समासात दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत : चक्र म्हणजे फिरणाऱ्या हवेची आकृती, आणि वादळ म्हणजे जमिनीवर जाणवणारा वाऱ्याचा जोर. समुद्रावर या दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून समासाची गाठ कोणाला जाणवत नाही. घाटमाथ्यावर ती सुटते. वादळ पडते, चक्र उरते.

ही समासाची फोड मान्य केली तर मूळ प्रश्नाचे उत्तर पुष्कळ सोपे होते. लहान वादळ डोंगराळ भूमीवर वादळ म्हणून फार काळ टिकत नाही. चक्र म्हणून ते दिवसच्या दिवस टिकू शकते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. घोटाळा होतो तो पहिले विधान ऐकवून दुसरे गिळून टाकल्यामुळे.

हवामान खात्याची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावर उभी आहे, आणि तोही तीन मिनिटांच्या सरासरीचा वेग. ताशी ६२ किलोमीटर झाला की ‘चक्रीवादळ’, ८९ झाला की ‘तीव्र चक्रीवादळ’. समुद्रावरील नौकांसाठी आणि किनाऱ्यासाठी हे माप योग्यच आहे, आणि शास्त्राला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु त्या रेघेखाली गेलेल्या वाऱ्याला मराठीत ‘विरला’ म्हणणे हा शास्त्राचा दोष नव्हे, भाषांतराचा आहे. विरतो तो धुक्याचा पडदा, विरते ते जुने लुगडे. विरल्यानंतर हाती काही उरत नाही. ताशी ६२ किलोमीटरांवरून ६० वर आलेल्या वाऱ्याबाबत हे क्रियापद वापरणे म्हणजे शंभरात चाळीस मिळवून नापास झालेल्या विद्यार्थ्याची कोरी उत्तरपत्रिका होती असे सांगण्यासारखे आहे. शिवाय या वर्गवारीत पावसाचे मापच नाही. महसूल खात्याचा ‘अतिवृष्टी’ हा शब्द या बाबतीत कितीतरी प्रामाणिक आहे : चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, एवढा साधा करार त्यामागे आहे आणि तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना तो ठाऊक आहे. ‘विरणे’मागे असा कोणताही करार नाही. ‘कमी दाबाचा पट्टा’ या रूढ प्रयोगाचेही तेच. पट्टा लांबट असतो. भोवऱ्याच्या मध्याशी असते ते क्षेत्र, वाटोळे. पट्टा म्हटल्याने चक्राची कल्पनाच वाचकाच्या डोळ्यांपुढून नाहीशी होते, आणि जे चक्र कधी दिसलेच नाही ते घाट चढून पुढे गेले हे त्याला कोणी सांगितले तरी पटावे कसे?

चक्र उरते याचा सर्वांत ठळक पुरावा २०२१ च्या सप्टेंबरात मिळाला. ‘गुलाब’ हे वादळ २६ सप्टेंबरला आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणजवळ जमिनीवर आले. पूर्व घाट, मग दख्खनचे पठार असा प्रवास करीत ते क्षीण होत गेले, आणि ज्या अवस्थेत ते वादळ राहिले नव्हते त्याच अवस्थेत मराठवाड्यात त्याने पुराचा हाहाकार उडवला. पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरल्यावर त्याने पुन्हा जोर धरला, आणि १ ऑक्टोबरला त्याला ‘शाहीन’ हे नाव मिळाले. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर गेले. चक्र एक, नावे दोन. मधल्या काळात ते अवदाबाच्याही खाली गेले म्हणून जुने नाव संपले, असा यामागील नियम आहे. अटलांटिकमध्येही हा नामप्रश्न जुना आहे. १९९६ मध्ये मध्य अमेरिकेची भूमी पार करून प्रशांत महासागरात उतरलेल्या ‘सेझर’चे नाव ‘डग्लस’ झाले. २०२२ मध्ये तशीच वाट चाललेल्या ‘बॉनी’चे नाव मात्र कायम राहिले, कारण दरम्यान नियम बदलला होता. वादळ ‘जगले’ की ‘मेले’ याचा निकाल येथे निसर्गाने दिलेला नाही. नामकरणाच्या नियमाने दिलेला आहे. मराठवाड्यातील पुराला अर्थातच दोन्ही नावांशी कर्तव्य नव्हते.

‘लहान’ या विशेषणाबाबतही थोडी सावधगिरी हवी. मराठीत ‘लहान वादळ’ म्हटले की दुर्बल वादळ असा अर्थ सहज निघतो. वस्तुतः आकार आणि जोर या निराळ्या गोष्टी आहेत. २५ डिसेंबर १९७४ रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या ‘ट्रेसी’चे वादळी वारे केंद्रापासून पन्नास किलोमीटरांच्या आतच होते. १९७९ च्या ‘टिप’चे हजार किलोमीटरांहून पुढे पोचले होते. डोंगरावर टिकण्याच्या दृष्टीने जोरापेक्षा आकार अधिक महत्त्वाचा. आटोपशीर भोवरा सगळाच्या सगळा डोंगरावर येतो आणि उपाशी पडतो. ज्याचा पसारा मोठा आहे त्याचे केंद्र डोंगरावर असताही एक हात समुद्रातच राहतो. कॅरिबियन समुद्रातील २०१५ चे ‘एरिका’ हे दुबळे वादळ हिस्पानिओला बेटाच्या तीन हजार मीटर उंचीच्या पर्वतांजवळ पोचल्यावर मोडून पडले; परंतु वरच्या प्रतिकूल वाऱ्यांनी त्याला आधीच खिळखिळे केले होते, डोंगराने फक्त शेवटचा धक्का दिला. आणि मोडण्यापूर्वी डोमिनिका या चिमुकल्या डोंगराळ बेटावर याच दुबळ्या वादळाने पुराने व दरडींनी कित्येक बळी घेतले होते. तेथे डोंगराने वादळाला अडवले नाही. डोंगराने त्याच्याकडून पाऊस काढून घेतला.

आता भोर-वेल्ह्याकडे. वेल्ह्यातील मढे घाटाच्या माथ्यापासून अरबी समुद्र हवाई अंतराने पन्नास-साठ किलोमीटर आहे. याचा अर्थ असा की ‘निसर्ग’चे केंद्र घाट चढत होते तेव्हा त्याच्या दक्षिणेकडील वारे समुद्रावरूनच येत होते. उत्तर गोलार्धात असे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. केंद्र उत्तरेकडून ईशान्येस जात असता त्याच्या दक्षिणेस व आग्नेयेस असलेल्या मुलखावर वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. तो बाष्पाने भरलेला असतो आणि कड्यावर काटकोनात आदळतो. त्यातच दोन दिवस आधी, १ जूनला, केरळात मोसमी पाऊस पोचल्याचे जाहीर झाले होते. नैर्ऋत्येकडून बाष्प येण्याची वाट मोकळी होती. अशा वेळी केंद्रातील वेग किती उतरला हे सांगून घाटमाथ्यावरच्या गावाला काही कळत नाही.

जमिनीचा घाटही येथे पाहण्यासारखा आहे. जुन्या कागदपत्रांत हा मुलूख तालुक्यांनी नव्हे, खोऱ्यांनी ओळखला जातो : कानद खोरे, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे. प्रत्येक खोरे पश्चिमेस कड्याने बंद आणि पूर्वेस उघडे. माथ्यावरच्या खिंडींतून व नाळांतून शिरलेला वारा कोंडला जाऊन या खोऱ्यांत वेगाने उतरतो, तर शेजारच्याच खोऱ्यात, आडव्या डोंगरसोंडेच्या आडोशाला, पानही हलत नाही असे होऊ शकते. मोकळ्या मैदानावर दहा मीटर उंचीवर घेतलेल्या सरासरी वेगात हे उतरत नाही. वादळ तालुक्याला येत नसून खोऱ्याला येते, हे शिवकाळातील प्रदेशनामे जाणून होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती नावे ज्यांनी ठेवली ते याच खोऱ्यांतून राहत होते. (‘मावळ’ हा शब्द ‘मावळणे’शी जोडला जातो, सूर्य मावळतो ती बाजू म्हणून. वादळ मावळात मावळले असे लिहिण्याचा मोह कोणा वार्ताहराला झाला असल्यास तो क्षम्य आहे, वाक्य मात्र चुकीचे आहे.)

बोलीचा साठा पाहिला तर मराठीला या बाबतीत शब्दांची उणीव कधीच नव्हती. वारा सुटतो, घोंघावतो, पडतो. पाऊस धरतो, लागतो, झोडपतो, ओसरतो, उघडतो. वादळ उठते, होते, शमते. तिघांची क्रियापदे स्वतंत्र आहेत. वारा ओसरत नाही आणि पाऊस शमत नाही. खेड्यातला माणूस ‘वारा पडला पण पाऊस लागलाय’ असे सहज म्हणतो आणि एका वाक्यात चक्र व वादळ यांची फारकत करून दाखवतो. वृत्तपत्री मराठीने हे तीन कर्ते काढून टाकून एकच नवा कर्ता बसवला, तो म्हणजे विशेषनामधारी वादळ. पूर्वी वादळ ही घटना होती, ते ‘होत’ असे. आता ते व्यक्ती झाले आहे. ते जन्मते, त्याला डोळा असतो, ते मार्ग बदलते आणि शेवटी मरते. व्यक्ती एकदा मेली की तिच्यापासून भय नसते. ‘टिकले की नाही’ हा प्रश्नच या व्यक्तीकरणातून आलेला आहे.

‘निसर्ग’ या नावाने तर यावर कळस चढवला. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. बंगालीतही शब्द संस्कृतच. उच्चारास सोपे आणि दक्षिण आशियात बहुतेकांना कळणारे, म्हणून ते चांगले नाव ठरले असेल. परंतु मराठीत तो नित्य वापरातला सामान्यनामवाचक शब्द आहे आणि पुल्लिंगी आहे. ‘निसर्ग आला’ म्हणावे तर सृष्टीच चालून आल्यासारखे वाटते. ‘निसर्ग आले’ म्हणावे तर व्याकरण लुप्त झालेल्या ‘वादळ’ या शब्दावर टेकवावे लागते. लेखनात दोन्ही रूपे वावरली. त्याहून गंभीर बाब म्हणजे ‘निसर्गामुळे झालेले नुकसान’ हा वाक्प्रयोग. त्यात विशिष्ट वादळ संपून सनातन निसर्ग कधी सुरू होतो ते कळत नाही, आणि विशिष्ट घटनेचे जे विशिष्ट हिशेब असतात, कोणत्या तारखेला, कोणत्या वाऱ्याने, कोणत्या खोऱ्यात, ते या संदिग्धतेत बुडून जातात. ‘फयान’ (११ नोव्हेंबर २००९ रोजी मुंबई-अलिबाग दरम्यान किनाऱ्यावर आलेले) या नावाला मराठीत काहीच अर्थ नव्हता, आणि म्हणूनच ते नाव म्हणून अधिक उपयोगी पडले. तसेच ‘पानशेत’ : वेल्ह्यातील या गावाचे नाव १२ जुलै १९६१ नंतर पुण्यात पुराचेच नाव झाले, आणि त्याविषयी कोणाचा गोंधळ होत नाही.

या चिकित्सेवर एक आक्षेप येऊ शकतो. आपत्तीच्या वेळी संदेश लहान हवा. चक्र आणि वादळ यांची फोड करीत बसण्यास सवड नसते. आक्षेप रास्त आहे, पण तो प्रस्तुत मुद्द्याला लागत नाही. ‘वादळाचे केंद्र घाट चढले, वारा अजून पडलेला नाही, घाटमाथ्यावर पाऊस वाढेल’ हे तीन तुकडे ‘घाट ओलांडताना वादळ विरले’ यापेक्षा फारसे लांब नाहीत, आणि त्यांतील एकही शब्द केळदच्या किंवा शिरगावच्या माणसाला परका नाही. त्यांत भर घालावयाचीच असेल तर पाण्याची घालावी. घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेला पाऊस कोकणात परतत नाही. तो वेळवंडीतून भाटघरला, नीरेतून देवघरला, अंबी आणि मोसे या नद्यांतून पानशेत-वरसगावला उतरतो आणि पुढे भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जातो. अरबी समुद्रातून निघालेल्या वादळाचा हा भाग खरोखरच घाट ओलांडतो, आणि त्याची नोंद वादळाच्या बातमीत नव्हे, धरणांच्या पाणीसाठ्याच्या कोष्टकात सापडते.